उजव्या गालाचं म्हणणं

माझी पहिली दाढ लातुरात गेली, दुसरी नांदेडात. दोन्ही निर्दोष होत्या, हे नंतर कळलं. त्या वेळी त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. मीसुद्धा नाही, कारण बोललं की दुखायचं.

दुखायचं म्हणजे ठणकायचं नाही. उजव्या कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत करंट लागल्यासारखा झटका यायचा, दहा-पंधरा सेकंद राहायचा आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात निघून जायचा. ब्रश फिरवला, झटका. तोंडावर पाणी मारलं, झटका. भाकरीचा पहिला घास, झटका. मी लातुरात एका शिकवणीत प्रश्नपत्रिका तपासायचं काम करते आणि दर शनिवारी नांदेडला घरी जाते. काच नीट बंद होणारी एसटीची खिडकी शोधण्यात मी त्या वर्षी तरबेज झाले. भर मे महिन्यात स्कार्फ गुंडाळून बसले की शेजारच्या बाया, ही कुणाला तरी चोरून भेटायला चालली, अशा नजरेनं बघायच्या. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं.

खरी पंचाईत घोषणांची झाली. आमचा नांदेडात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालतं आणि पत्रकांवर बाबा. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होते. मोर्चात पहिली घोषणा माझी, हे ठरलेलं. आता 'झिंदाबाद'मधला 'झिं' म्हटला की गालात वीज, डोळ्यांत पाणी. एका कार्यकर्त्यानं तर भर चौकात, भाषणात, माझ्या तळमळीचा उल्लेख केला.

आईनं लवंग, हिंग, मिठाचं पाणी सगळं करून बघितलं. शेवटी तिनं मुकाट्यानं भाकरी दुधात कुस्करून द्यायला सुरुवात केली. तेवढा एकच उपाय लागू पडला.

नांदेडच्या दाताच्या डॉक्टरांकडं बाबा सोबत यायचे. डॉक्टर मला "आ करा" म्हणायचे आणि प्रश्न बाबांना विचारायचे. कधीपासून दुखतंय, गोड खाते का, झोप लागते का. बाबाही उत्तरं द्यायचे, आणि ती ठाम असायची. दुसरी दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी झटका जसाच्या तसा. आता डॉक्टरांचा शेजारच्या दाढेवर संशय होता. पुढच्या सोमवारी या म्हणाले. मी विचारलं, दोन काढून फरक नाही, तर तिसरी कशावरून? ते बाबांकडं वळून हसले. "पोरगी लई भित्री हाय तुमची."

हे मला दाढेपेक्षा जास्त लागलं. मी माझे एक्स-रे मागितले. ते इथंच ठेवतात असं उत्तर आलं. "दाढा माझ्या आहेत, डॉक्टर. कागद द्या," मी म्हटलं, झटका सोसून. कागद मिळाले.

त्याच आठवड्यात शिकवणीतल्या बायोलॉजीच्या मॅडमनी माझं ऐकून फळ्यावर चेहऱ्याची नस काढून दाखवली. कानाजवळून निघते, तीन फाटे फुटतात. दुखणं दातात नसून या नसेत असेल, मेंदूच्या डॉक्टरांना दाखव, म्हणाल्या. लातुरातच शनिवारची वेळ मिळाली. हातात तेवढा एकच दिवस होता. तिथं कुणी ऐकलं नाही, तर सोमवारी तिसरी दाढ जाणार आणि दुखणं तिथंच राहणार.

मग आमच्या घरात जे होतं तेच झालं. मी पत्रक लिहिलं. चार पानं. रुग्णाला गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेवर दीड पान होतं, शेवटी पाच मागण्या. नांदेडहून आलेल्या बाबांनी एसटी स्टँडवरच वाचलं आणि एक 'तीव्र' वाढवला.

मेंदूच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. चारही पानं त्यांनी शांतपणे वाचली, हे मान्य करायला हवं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "लिहिलंय छान. पण यात दुखतं कुठं?"

मी पानं उलटून बघितली. खरंच नव्हतं. दोषी कोण ते सगळं होतं. गाल कुठला ते नव्हतं.

त्यांनी एक कोरा कागद दिला. बाहेर बसून लिहा म्हणाल्या: कुठं, कधी, किती वेळ, कशानं. विशेषण एकही नको.

बाकावर बसल्याबरोबर बाबा सांगायला लागले, "लिही, गेल्या दिवाळीपासून..."

"बाबा, गाल माझा आहे."

ते उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण मी लिहीत राहिले. अकरा ओळी झाल्या. इतकं अवघड मी कधी काही लिहिलं नव्हतं. कुणाला जबाबदार धरायचं नाही म्हटल्यावर पेन पुढं सरकेना.

अकरा ओळी वाचून बाईंनी मला पाच-सहा प्रश्न विचारले. मला, बाबांना नाही. नसेचंच दुखणं दिसतंय म्हणाल्या; एमआरआय आणि रक्ताची तपासणी सांगितली, गोळी लिहून दिली. हीच गोळी फिट्सवरही देतात हे ऐकून बाबा दचकले. मी विचारून घेतलं: का देता, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, अंगावर पुरळ आलं तर काय करायचं. बाई न चिडता सांगत गेल्या. पूर्ण बरं होईलच असं म्हणाल्या नाहीत. मला ते आवडलं.

सोमवारी मी ठरल्या वेळी दाताच्या डॉक्टरांकडं गेले, एकटी. गोळीनं डोकं जड होतं, चालताना जरा हेलकावे बसत होते. खुर्चीत बसले नाही. लातूरची चिठ्ठी आणि अकरा ओळींची झेरॉक्स त्यांच्या पुढं ठेवली.

त्यांनी दोनदा वाचलं. "हे ब्रशचं, वाऱ्याचं... मला असं कुणी सांगितलंच न्हाई."

"तुम्ही बाबांना विचारलं होतं."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढून दिली, साधी, दात काढायची नव्हे, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आता कसं हाय?"

बाहेर तीन पेशंट खोळंबले होते. तरी मी सगळं सांगितलं.