गुरुवारची यादी

"कागदावर आहे ना? मग झालं!" असं म्हणून सर टेबलावरच्या कागदावर तळवा दाबून धरत. पंखा नसलेल्या खोलीत तो कुठे उडणार होता, देव जाणे.

सर मूळचे परभणीचे, गुरांच्या आहाराचे तज्ज्ञ. हॅनोव्हरच्या एका संस्थेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. आम्ही दोघंही शाकाहारी आणि काम गोमांसाचं! तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो.

गुरं गवतावर आणि जवसावर वाढवली की मांसात ओमेगा-थ्री वाढतं. पण ती सावकाश वाढतात, खर्चही वाढतो. लोक जास्त किंमत देतील का, म्हणून आम्ही बाजारात फॉर्म भरून घेतले. जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलं.

"सर, हो म्हणायला काय जातंय?" मी म्हटलं.

"अगं, हे जर्मन आहेत. लिहितात ते करतात. गेनाऊ! अगदी तंतोतंत!"

त्या फॉर्मांच्या भरवशावर जवळच्या गावातल्या एका एकट्या, साठीच्या शेतकऱ्याने आपली सगळी गुरं गवतावर काढली. गोठ्याशेजारीच त्याचं दुकान होतं. पहिल्याच शनिवारी गिऱ्हाइकांनी गवतामुळे पिवळसर झालेली मांसाची चरबी पाहिली, किंमत पाहिली आणि शिळं समजून ती सुपरमार्केटकडे वळली. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

मग दर गुरुवारी ते शेतकऱ्याला संस्थेतल्या लोकांच्या मागणीची यादी पाठवू लागले. वीस-बावीस नावं. शनिवारी स्वतःच गाडीतून मांस घेऊन येत. "आपली माणसं सुधारली गं," म्हणत. त्या यादीवर विसंबून शेतकऱ्याने आणखी बारा गोऱ्हे ठेवले. मला फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत सर झोपेतच गेले. त्यांचं घर रिकामं करायला मी तळघरात उतरले, तर तिथे दोन मोठे फ्रीझर, काठोकाठ भरलेले. प्रत्येक पुडक्यावर संस्थेतल्या कुणाचं तरी नाव. त्यांतल्या कुणीही कधी काही मागवलं नव्हतं. मला सरांचा भयंकर राग आला, आणि तिथेच रडू फुटलं.

शेतकऱ्याला कळवणं भाग होतं. तो गाडी घेऊन आला. एकेक पुडकं उचलून त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचा आणि खोक्यात ठेवायचा. एकावर माझं नाव निघालं.

"तुम्ही तर मांस खात नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि डॉक्टर?" त्याने सरांबद्दल विचारलं.

"तेही नाही."

तो फ्रीझरच्या कडेला टेकला.

"गोठ्यात बारा उभे आहेत," एवढंच म्हणाला.