वरचे दोन डोळे

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बुलढाण्याला खोली करून राहत होते. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे गावी गेले की लोक मला काहीही विचारत, आणि नीट माहीत नसलं तरी मी काहीतरी उत्तर द्यायचे.

त्या हिवाळ्यात मी सुट्टीत गावी आले तेव्हा वडिलांच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठेबाबांना, दवाखान्यातून घरी आणलं होतं. फुफ्फुसात पुन्हा पुन्हा पाणी होत होतं. आता घरीच सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांची खाट दारासमोर टाकली होती. ते आले त्या दिवसापासून गल्लीतला एक काळा कुत्रा उंबऱ्याबाहेर येऊन बसायला लागला. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या वर बोराएवढा एकेक तपकिरी ठिपका होता. तो झोपला की खालचे डोळे मिटत आणि वरचे दोन तसेच उघडे राहत.

असल्या कुत्र्याला आमच्याकडे चारडोळ्या म्हणतात. माणसाला न्यायला येणारा त्याला आधी दिसतो, असं मानतात.

"हाकल व त्याले," शेजारची काकू मोठ्या मायला म्हणाली. मोठी माय म्हणजे मोठेबाबांची बायको. "दारात चारडोळ्या बसवून ठेवला, मंग औषधाचा काय उपेग?"

"दहा खेपा हाकलला. पुन्हा येऊन बसते."

शेवटी वडिलांनी ठरवलं, सोमवारी त्याला पोत्यात घालून घाटाखाली सोडून यायचं. मला ते बरं वाटलं नाही. फुलपाखराच्या पंखावर, सुरवंटाच्या पाठीवर डोळ्यांसारख्या खुणा असतात, त्या पाहून शिकारी बिचकतो, एवढं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मी ते घरी सांगितलं.

"मंग आपण बी बिचकलोच ना," वडील म्हणाले.

पण ठिपकेच दिसले नाहीत तर भीती कशाची, असं मनात आलं. मोठ्या मायची केस काळे करायची पुडी अर्धी उरली होती. रविवारी दुपारी मी कुत्र्याला भाकर दाखवून गोठ्यामागे नेलं आणि काडीला कापूस गुंडाळून दोन्ही ठिपक्यांवर रंग लावला. तो जागचा हलला नाही. लावताना एकदा वाटलं, कापसाखाली काहीतरी लवलं, पापणी लवते तसं. त्याची भुवईच हलली असणार. तरी मी हात मागे घेतला होता.

संध्याकाळी तो पुन्हा उंबऱ्यापाशी येऊन बसला. वडील उद्यासाठी काढलेलं पोतं हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिले. "हा तो नाईच," ते म्हणाले आणि त्यांनी पोतं गोठ्यात टाकलं. मी खूश झाले.

सोमवारी सकाळी मोठेबाबांनी चहा घेतला नाही. मंगळवारीही नाही. मोठी माय म्हणाली, दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी खाटेजवळ गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, त्याचे डोळे कुठी गेले?"

"कोणाचे?"

"तो झोपते, पण वरचे उघडे राह्यते. मी तेच पाहून झोपतो. ते उघडे असले का कोणी उंबरा वलांडत नाई." त्यांना धाप लागली. "परवा मिटले. आता मी जागा नाई राह्यलो, तर कोण राह्यल?"

सगळी गल्ली ज्या डोळ्यांना भ्यायली होती, त्यांच्याच भरवशावर ते इतके दिवस झोपत होते. मी सगळं खरं सांगितलं. रंग, कापूस, काडी. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

"तू मिटले?"

"हो, मोठेबाबा."

"मंग उघड."

मी कुत्र्याला साबणानं धुतलं, राखेनं घासलं. रंग जाईना. शेवटी हळद तेलात कालवली आणि बोटानं दोन गोल ठिपके काढले. ते आधीच्यापेक्षा मोठे झाले, आणि फार पिवळे.

"आता काय लगन हाये का त्याचं?" काकू कुंपणावरून म्हणाली. मला हसू आलं नाही.

कुत्रा त्याच्या जागी जाऊन बसला आणि त्यानं खालचे डोळे मिटून घेतले. मोठेबाबांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं.

"हाव. जागे हायेत," ते म्हणाले. मग थांबून, "पण दुसरेच हायेत. दाराकडं नाई, तुयाकडं पाहून राह्यले."

आणि त्यांना झोप लागली. शांत, घोरत. मोठ्या मायनं पदरानं डोळे पुसले आणि मला खुणेनं सांगितलं, आता उठ, जेवून घे.

मी उठले नाही. भर दुपार होती, अंगणात ऊन होतं. ती हळद होती आणि मीच लावली होती, हे मला माहीत होतं. पण मी जागची हलले आणि ते दोन डोळेही माझ्यामागे वळले तर काय करायचं, हे मला कुठल्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं. मोठेबाबा जागे होईपर्यंत मी भिंतीला टेकून तशीच बसून राहिले.