बाटलीवरचा चेहरा

मधवाल्या आजोबांची हयात कड्यावर दोराला लोंबकळून मध काढण्यात गेली. निम्मं पोळं माश्यांसाठी सोडायचं, ही जमातीची रीत त्यांनी कधी मोडली नाही. शहरातल्या एका दुकानदाराने त्यांचा फोटो मधाच्या बाटल्यांवर छापला आणि नव्या दुकानाच्या उद्घाटनाला त्यांना आणलं. सदरा काढायला लावून, डोक्याला पिसं बांधून दारातच बसवलं. त्यांच्यात पिसं कोणी लावत नसे, पण आजोबांनी तोही अपमान गिळला.

मग दुकानदाराने कौतुकाने चमचाभर मध चाखायला दिला. जिभेला लागताच आजोबांनी ओळखलं. तो करपवलेल्या साखरेचा पाक होता.

तेवढ्यात एका बाईने बाटली उचलली. "हा तुम्हीच काढलेला ना, आजोबा? लेकीला खोकला झालाय."

आजोबांनी तोंडातलं रुमालात थुंकलं. "नको नेऊ, पोरी. माशी याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही."

"आजोबा, असं बोलतात का?" दुकानदार दात काढत म्हणाला.

"माझं थोबाड छापताना विचारलं होतंस?"

बाईने बाटली ठेवून दिली. आजोबांनी डोक्यावरची पिसं काढली, सदरा चढवला आणि ते चालू पडले. कोपऱ्यावरच्या नळाला त्यांनी चारदा चुळा भरल्या, तरी जिभेवरचा चिकटा जाईना.