माझ्या मागे म्हण

आमच्या तालुक्यात मला तंत्रस्नेही शिक्षिका म्हणतात. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला ठाऊक नाही, पण एकदा चिकटला की निघत नाही. कुणाचं अ‍ॅप उघडत नाही, कुणाची लिंक भरली जात नाही, कुणाच्या शाळेतला टीव्ही नुसताच निळा दिसतोय, की फोन मला. सुरुवातीला मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करते. वीस वर्षं खडूनं हात पांढरे केले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि आता मोठमोठ्या शाळांचे हेडमास्तर 'मॅडम, जरा बघता का' म्हणायला लागले होते. त्या आवडीपायीच पुढचं सगळं झालं.

माझी शाळा केजपासून, म्हणजे तालुक्याच्या गावापासून आत, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. शिक्षक दोघं, मुख्याध्यापक आणि मी. दसरा झाला की गावातली बरीचशी घरं ऊसतोडीला निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, पोरं, सगळं भरून. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे शाळेच्या वर्षाचा गाभाच आमच्याकडे रिकामा जातो. काही पोरं गावातल्या नातेवाइकांकडे राहतात, त्यांच्या जेवणाची सोय शाळेत होते. ज्यांच्या घरी सांभाळायला धाकटं भावंड असतं, त्या पोरींना मात्र आई सोबत नेते. आई फडात ऊस तोडणार, तर तान्ह्याला कोण बघणार?

अशीच एक पोरगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. दोन हंगाम आईबापाबरोबर गेलेली, त्यामुळं अक्षरं अर्धीमुर्धी, काना-मात्रा तर नाहीच. पण कान असा तल्लख की एकदा ऐकलेली कविता चालीसकट परत म्हणून दाखवायची. आमच्याकडे चौथीनंतर शाळा दुसऱ्या गावाला आहे, आणि ज्या पोरीला वाचता येत नाही तिला तिथवर कुणी पाठवत नाही. म्हणजे तिच्याजवळ दोनच वर्षं होती. हे मला कळत होतं, म्हणून मी चंग बांधला की ही पोरगी वाचायला शिकणारच.

त्या वर्षी तिच्या वडलांनी मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला होता. मला वाटलं, चला, आता कुठंही जाऊ दे. कारखान्याकडच्या फडात नेटवर्क जेमतेम, व्हिडिओ जायचा नाही, पण आवाजाची फाईल जायची. म्हणून मी रोज धड्यातला एक उतारा सावकाश वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचे. सुरुवातीला म्हणायचे, 'पुस्तक उघड, ओळीवर बोट ठेव, माझ्या मागे म्हण.' शेवटी म्हणायचे, 'आता तू वाच आणि मला पाठव.'

माझ्या मागे म्हण. ही आमची सगळ्यात जुनी पद्धत. माझ्या गुरुजींनी मला असंच शिकवलं, मी शेकडो पोरांना असंच शिकवलं. एक जण पुढं म्हणतो, वर्ग मागून ओरडतो, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, वा, काय शाळा चालली आहे! वर्गात असताना त्यातली लबाडी मला कळायची. ओरडणाऱ्यांतलं कोण पुस्तकाकडे बघतंय आणि कोण खिडकीबाहेर, हे डोळ्याला दिसायचं. मग मी मधेच थांबून एखाद्याला म्हणायचे, 'ह्या शब्दावर बोट ठेव बरं.' शिकवणं म्हणजे मला विचाराल तर तेवढंच. पोराच्या बोटाकडं बघणं. बाकीचं कुणीही करू शकतं. फोनमधून बोट दिसत नव्हतं, आणि मला ते सुचलंही नाही.

पहिले आठ दिवस ती अडखळायची. मी खूश, कारण अडखळणं हीच वाचायला लागल्याची खूण. पुढं अडखळणं कमी झालं. महिन्याभरात कासवाचा अख्खा धडा तिनं एका दमात पाठवला. मागे कुत्रं भुंकतंय, कुणीतरी बादली आपटतंय, आणि मध्ये तिचा खणखणीत आवाज. मी तो मुख्याध्यापकांना ऐकवला. त्यांनी केंद्रप्रमुखांना ऐकवला. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या आठ-दहा शाळांवरचे साहेब. ते म्हणाले, 'मॅडम, नुसता आवाज काय कामाचा? व्हिडिओ मागवा.'

मागवला. वडलांनी बाजाराच्या गावी जाऊन, नेटवर्क बघून पाठवला. उसाच्या पाचटाची कोप, म्हणजे राहायची झोपडी, तिच्या दारात पोरगी मांडी घालून बसलेली, मांडीवर पुस्तक, कडेला धाकटा भाऊ माती खातोय. आणि ही वाचतेय. खरं सांगते, मला रडू आलं.

तो व्हिडिओ केजला शिक्षण परिषदेत पडद्यावर दाखवला. हॉल शिक्षकांनी भरलेला. वरचे मोठे साहेबही आलेले. त्यांना इतका आनंद झाला की म्हणाले, आत्ता लावा फोन त्या पालकांना. लागला एकदाचा. पडद्यावर तिची आई आली, डोक्यावरून पदर, हातात कोयता तसाच, घामानं निथळलेली, काही कळत नाही काय चाललंय. साहेब म्हणाले, 'ताई, तुमची मुलगी फडात बसून वाचायला शिकली. तुमचं अभिनंदन.' आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी होती. पहिल्या रांगेत मीच बसले होते, तिच्या आईला नीट दिसेल अशी.

ती गावाकडं परतली तेव्हा वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. वर्गात आल्या आल्या मी तिला पुढं बोलावलं, कौतुकानं. पुस्तक तिच्या हातात दिलं. घाईत मी पान उघडलं ते बाजाराच्या धड्याचं, भाजीवाल्यांचं मोठं चित्र असलेलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. 'विहिरीत एक म्हातारं कासव राहत होतं...'

वर्ग हसला नाही. त्यांना वाटलं, बरोबरच आहे. मी तिला थांबवलं नाही. बोट भाजीवालीच्या ओळींवरून सरकत होतं आणि तोंडानं कासव विहिरीतून वर येत होतं. शेवटाला आली, माझ्याकडं बघितलं, आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

मी शाबासकी दिली. दुसरं काय करणार होते पोरांसमोर?

मधल्या सुट्टीत मी तो व्हिडिओ परत लावला. त्याआधी किती वेळा पाहिला असेन त्याचा हिशेब नाही. पहिल्यांदाच चेहरा सोडून नुसतं बोट बघितलं. तोंड पहिल्या वाक्यावर असताना बोट तिसऱ्या ओळीला पोचलेलं. धडा संपायच्या कितीतरी आधी बोट पानाच्या तळाशी जाऊन थांबलेलं. लपवाछपवी काहीच नव्हती. हॉलमध्ये बसलेल्या आम्ही एवढ्या शिकलेल्या माणसांनी, जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माणसांनी, ते पडद्यावर भिंतीएवढं मोठं पाहिलं आणि कुणाला दिसलं नाही. कुणाला बघायचंच नव्हतं. मला तर मुळीच नाही.

पोरीचा काही दोष नव्हता. मी म्हणाले माझ्या मागे म्हण, ती म्हणाली. मी अडखळणं समजले ते आठवणं होतं. चूक तिची कशी म्हणू?

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, 'मॅडम, तुम्हीच तिची पातळी ऑनलाइन भरली आहे. परिच्छेद वाचते म्हणून. आता खाली आणली तर वरून विचारणा होईल, व्हिडिओ खोटा होता का म्हणून. तुमचं नाव जाईल, माझं जाईल, शाळेचं जाईल.' मी बोलायला पाहिजे होतं, मोठ्या आवाजात बोलायला पाहिजे होतं. एरवी माझी जीभ शाळेत कुणाला ऐकत नाही, पण त्या दिवशी मी 'बरं' म्हणून वर्गात परतले. त्याची चीड मला आजही येते, आणि ती मुख्याध्यापकांवर कमी, माझ्यावर जास्त येते.

जूनमध्ये ती चौथीत गेली. कच्च्या मुलांना जादा शिकवायची यादी ऑनलाइन तयार होऊन आली. त्यात तिचं नाव नव्हतं. असणार कसं, मीच तिला पक्की करून ठेवली होती.

मग मी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घ्यायला लागले. मोबाईल पिशवीत, टीव्ही बंद, पाटी आणि पेन्सिल. तिच्यासाठी रोज नवी वाक्यं लिहावी लागायची, कारण कालचं वाक्य तिला पाठ झालेलं असायचं. 'शेळीनं वही खाल्ली.' 'काकाचा पाय चिखलात रुतला.' असलं काहीबाही, जे कुठल्या पुस्तकात नाही, जे ऐकून माहीत असणार नाही. पहिल्या पहिल्यांदा ती रडायची. वर्गातली पोरं तिला 'व्हिडिओवाली' म्हणायची, आणि इथं तिला 'घर' आणि 'घरी' यातला फरक दिसत नव्हता. एकदा मला म्हणाली, 'बाई, तुमी एकदा म्हणून दावा ना, मग मला येतंय.' मी म्हणाले, 'नाही दाखवणार.' तिला वाटलं मी रागावले आहे. होतेच, पण तिच्यावर नव्हते.

पोळ्याच्या सुमारास ती काना-मात्रा ओळखायला लागली. नवरात्रात एक दिवस तिनं पाटीवरचं वाक्य बोट न चुकवता वाचलं. एकच वाक्य, चार शब्दांचं, पण तिचं स्वतःचं. वाचून झाल्यावर स्वतःच इतकी चकित झाली की परत वाचलं. मी मनात हिशेब केला. आणखी चार महिने मिळाले की ही पोरगी सुटली. पाचवीला दुसऱ्या गावाला जाईल, कुणी अडवणार नाही. तिच्या चुलतीशी मी बोलून ठेवलं होतं, हंगामभर पोरीला ठेवून घ्या, जेवण शाळेत होईल. चुलती हो म्हणाली होती.

दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांच्या गल्लीत ट्रॅक्टर लागलेला बघितला. मी तशीच गेले. ट्रॉलीत सामान भरलेलं, आणि सामानात पोरगी, मांडीवर धाकटा भाऊ. आई शेळीला वर चढवत होती.

मी म्हणाले, 'हे काय? तिला चुलतीकडं ठेवायचं ठरलं होतं ना?'

'व्हय, पण ह्याला कोण बघंल? त्यो लई पळतोय आता. फडात गाड्या येत्यात, बैलं येत्यात.'

'तिचं चौथीचं वर्ष आहे. हेच वर्ष महत्त्वाचं आहे.'

आई हसली. मनापासून हसली, मला धीर देतात तशी. 'बाई, तुमी कशाला काळजी करता? तिला वाचाया येतंय की आता. सगळ्या तालुक्यानं बघितलंय. आन् तुमी धाडा की मोबाईलवर, मागल्या सालासारखं. तिथं बसून बी शिकतीय ती. आमाला कुठं माहीत होतं असं बी शिकता येतंय म्हणून? तुमच्यामुळं कळलं.'

मला दुसरा रस्ता उरला नव्हता. मी म्हणाले, 'तिला वाचता येत नाही. तेव्हा तिनं पाठ करून म्हटलं होतं. आत्ता कुठं यायला लागलंय, आणि आत्ता नेलंत तर सगळं जाईल.'

शेळीची दोरी तिच्या हातात तशीच राहिली. ती माझ्याकडं बघत राहिली, आधी काही न समजल्यासारखी, मग समजल्यासारखी.

'मग तवा टाळ्या कशापायी वाजवल्या?'

रागानं नाही विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चूक झाली म्हणावं, तर ती नुसती चूक नव्हती. कळल्यावरही मी सहा-सात महिने गप्प होते, मुख्याध्यापकांसमोर, यादीसमोर, हिच्यासमोरसुद्धा. मी ऐन वेळी पोरगी ठेवून घ्यायला खोटं बोलतेय असं तिला वाटलं असेल, किंवा तेव्हा बोलले असं वाटलं असेल. दोन्हीत फारसा फरक नव्हता. तिनं शेळी वर चढवली आणि स्वतः चढली.

पोरीनं सगळं ऐकलं होतं. माझ्या चेहऱ्याकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे. भावाला एका हातानं आवळून धरत ती ट्रॉलीच्या फळीवरून खाली वाकली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, 'बाई, रडू नका. तुमी रोज धाडा. मी लगीच पाठ करते.'