ईशान्य कोपऱ्यातली मोजणी

मे महिना, तिसरा शनिवार, टाळेबंदीचं पहिलं वर्ष. गावाबाहेरचा पाझर तलाव, रोजगार हमीतून गाळ काढण्याचं काम. सकाळी सहा.

हजर: टोळी क्रमांक एक ते आठ, प्रत्येकी दहा जण. पाणी पाजणारी बाई एक. झाडाखाली लेकरं सांभाळणारी बाई एक. मुकादम एक, तोच टोळी क्रमांक तीनचा म्होरक्या. मी, ग्रामरोजगार सेवक, हजेरीपट माझ्याकडे. कुठल्याच टोळीत नसलेल्या: सासू एक, सून एक.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. वही निळ्या पुठ्ठ्याची. त्या उन्हाळ्यात मी अशा चार वह्या भरल्या. काम मागणारे कोण, जॉब कार्ड कोणाचं आहे, कोणाचं नाही, परगावाहून कोण कुठून आलं, विलगीकरणात शाळेत किती दिवस ठेवलं, सगळं त्यांत होतं. माणसं रोज येत होती. सुरतचे लूम बंद, जळगावच्या एमआयडीसीतले चटईचे कारखाने बंद, नाशिकची बांधकामं बंद. ज्यांनी वीस वर्षांत फावडं हातात धरलं नव्हतं तेही कामाच्या मागणीचा अर्ज भरायला माझ्या दारात उभे होते. सरकारनं काम काढलं हे बरं झालं, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. तलाव नसता तर चोपड्याच्या रस्त्याला लागून आमच्या गावातली निम्मी माणसं भीक मागायला बसली असती.

सासू गावातच राहायची. मुलगा आणि सून सुरतला. मुलगा लूमवर, सून घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायची. लूम बंद पडल्यावर दोघं नवापूर, साक्री, धुळे करत थोडं ट्रकात, बरंचसं पायी आले. मुलाला साखरेचा आजार. चालताना टाचेला फोड आला आणि तो चिघळला. चोपड्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, हे इथं बरं होणार नाही, धुळ्याला न्या, आठ-दहा दिवसांच्या आत न्या. धुळ्याला न्यायला गाडी हवी. बस बंद होत्या. रुग्णवाहिका दारात आली असती तर करोनाच आहे म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं असतं. शाळेतून सुटून चार दिवसही झाले नव्हते त्यांना. म्हणून खासगी गाडी, पास काढून. गाडीवाला पैसे हातात पडल्याशिवाय निघणार नव्हता. सुनेनं मला हे सगळं अर्ज भरतानाच सांगितलं होतं. आठवड्याची मजुरी जमा झाली की गाडी. एवढा साधा हिशोब होता.

पण आठवड्याच्या सुरुवातीला टोळीत त्यांना कोणी घेईना. या कामात मजुरी माणसाच्या दिवसावर नसते, खणलेल्या मातीवर असते. टोळीतला एक ढिला पडला की दहाही जणांचं माप कमी भरतं.

"सुरतनी शे ती," टोळी क्रमांक पाचमधली एक जण म्हणाली. "तिना हात देख अक्का. टिकल्या लावाना हात शेत त्या."

"आनि म्हतारी?" दुसरी म्हणाली. "ती ते टोपलीमा बसी जाई, आमलेच तिले उचलनं पडी."

सगळ्या हसल्या. सासूही हसली. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मानसं मोजानी शेत का माटी? माटी मोजानी व्हई ते आमले बी एक कोपरा दे."

मी त्यांना ईशान्येचा कोपरा दिला. तिथली माती कडक होती, पण दुसरा मोकळा नव्हता. दोघींची वेगळी ओळ हजेरीपटावर घातली. नियमात बसत होतं.

गाळ काढताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवतात. आधी जमीन कुठवर होती हे त्यावरून कळतं. आजूबाजूची माती गेली, हा उभा राहिला. त्याला साक्षीदार म्हणतात. त्याच्या डोक्यावरची सुकलेली, भेगा पडलेली पापडी शाबूत पाहिजे. ती मोडली तर मोजणारा म्हणतो, तुम्ही वरून माती थापून खांब उंच केला. मोजणी झाली की खांब पाडायचा, तोही आपल्या मापात धरलेला असतो.

त्या दोघी सहा दिवस खणत होत्या. सून कुदळ मारायची, सासू टोपली भरून काठावर न्यायची. सुनेच्या हाताला फोड आले, ते फुटले, तिनं साडीची चिंधी बांधली. तोंडाला फडकं बांधायची सक्ती होती तेव्हा. बायका म्हणायच्या, धुरोळ्यात आम्ही पहिल्यापासूनच बांधतो, सरकारला आत्ता कळलं. आठवड्याच्या शेवटी दोघींचा खड्डा टोळ्यांपेक्षा लहान पण खोल आणि कडा सरळ असलेला झाला होता. मधला खांब सुनेच्या खांद्याला लागत होता. सासूनं त्याच्या डोक्यावर कोरडं पोतं टाकून ठेवलं होतं, पापडी मोडू नये म्हणून.

वरच्या नोंदीतला शनिवार मोजणीचा. साहेब, म्हणजे पंचायत समितीचे तांत्रिक सहायक, साडेसातला मोटारसायकलवर आले. तिशीचा मुलगा, कामाला सरळ. त्यांना त्या दिवशी आणखी दोन गावं होती. मी मोजणीची यादी तयार ठेवली होती. टोळी एक, टोळी दोन, असं करत आठपर्यंत, आणि त्याखाली टोळीत नसलेल्या. यादी अशीच लावायची, त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

साडेदहाला सातवी टोळी झाली. ऊन असं होतं की टेपची लोखंडी पट्टी हातात धरवत नव्हती. आठवीचं माप लिहीत असताना साहेबांचा फोन वाजला. ते बाजूला जाऊन बोलले, परत आले ते वही पिशवीत घालतच.

"ताई, ऑफिसातला आमचा एक जण पॉझिटिव्ह निघालाय. मी काल त्याच्या शेजारीच बसलो होतो. मला लगेच जायला सांगितलंय. तुम्हीही जरा लांबच थांबा."

"एकच राहिलंय साहेब. दहा मिनिटांचं काम आहे."

"सोमवारी करू. खांब तेवढा पाडू नका."

सून खड्ड्यात खांबापाशी उभी होती. तिनं पोतं काढून हातात धरलं होतं.

मुकादम माझ्याजवळ आला. आठवडाभर या दोघींची सगळ्यात जास्त थट्टा करणारा तोच. खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, सायेब अजून गया नही. त्या दोन्हीसनी माटी मन्ही टोळीमा दखाडी दे. तीननं माप कमी लिखाई गयं असं सांग, सायेब आकडा सुधारी दी. पैसा उना का मी त्यासले काढी दिसू. मन्ही टोळीनं कोनी बी काही बोलाव नही."

मी म्हटलं, "हजेरीपटवर त्या येगळ्या शेत."

"हजेरीपट तुन्हाच हातमा शे ना."

"म्हनीसनच मी खोटं लिखाव नही."

 त्यानं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि तो गेला. साहेब मोटारसायकलला किक मारत होते. मी त्यांना थांबवलं नाही. खोटी नोंद करायची नाही हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या दिवशी मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हेही लिहून ठेवते.

साहेब गेल्यावर मी माझ्या टेपनं तो खड्डा मोजला. लांबी, रुंदी, खांबाची उंची चार बाजूंनी. वहीत लिहिलं. फोटो काढले. सासू म्हणाली, "लिखेल शे ना पोरी तुन्ही वहीमा? मंग झायं ते."

मी तिला सांगितलं की माझी सही चालत नाही. ते तिला कळलं की नाही माहीत नाही.

सोमवारी साहेब आले नाहीत. त्यांना चौदा दिवस खोलीत ठेवलं होतं. मंगळवारी आमच्या गावात एक रुग्ण निघाला, गाव बंद झालं, काम थांबलं. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "न बघता मी कसं भरू ताई? मागच्याच आठवड्यात दुसऱ्या गावात यावरून एकाची चौकशी लागलीय." ऑफिसला फोन केला. तिथून सांगितलं, पाठवायला दुसरा माणूस नाही. हजेरीपट ठरल्या मुदतीत संगणकावर बंद होतो. आठ टोळ्यांचं माप भरलं गेलं, त्यांची मजुरी निघाली. टोळीत नसलेल्यांच्या ओळीत शून्य आलं. सहा दिवस हजर, काम शून्य.

गाव बंद असलं तरी शेतात जायला मुभा होती, आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तलावात गाळ भरायला यायचे. गाळ फुकट, शेताला चांगला. बाकीचे साक्षीदार पाडले होते, तलाव सगळा मोकळा. सासू सकाळी भाकरी बांधून ईशान्येच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. मी लांबून पाहिलं आहे. ट्रॅक्टरवाला म्हणायचा, "माय, बाजूले व्हय, ढेकूळ काय राखी राहिनी?"

"मोजणी बाकी शे," ती म्हणायची.

ट्रॅक्टर वळसा घालून जायचे. तिनं खांबाभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या.

रेशनकार्ड नसलेल्यांचं धान्य आलं ते त्या घरापर्यंत पोचलं, यादी मीच केली होती. धान्यावर गाडी मिळत नाही. मी माझ्याकडचे थोडे पैसे घेऊन गेले तेव्हा सून दारातच उभी राहिली. "तुमना कसाले, अक्का," ती म्हणाली. "आमना येवाव शेत ना." तिला अजूनही वाटत होतं की येतील. आत खाटेवर तो पाय उशीवर ठेवून पडला होता. वास दारापर्यंत येत होता. मी पैसे कोनाड्यात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सासूनं ते परत आणून दिले, पदराच्या गाठीतून काढून, जसेच्या तसे.

शेवटी मुकादमानं केळीच्या गाडीवाल्याला गाठलं. सावद्याहून धुळ्याला माल घेऊन जाणारा होता, वाकडी वाट करून गावाबाहेर येऊन थांबला. केळीच्या घडांवर गोधडी टाकून मुलाला झोपवून नेलं. तोवर डॉक्टरांनी सांगितल्याला वीस दिवस उलटून गेले होते. धुळ्याला त्याचा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. मजुरी वेळेवर आली असती तर पाय वाचला असता का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. एकानं कदाचित म्हटलं. दुसऱ्यानं मलाच विचारलं, साखरेच्या गोळ्या चालू होत्या का.

मी अर्ज केले. पंचायत समितीत एक, वरती एक, पुढं तक्रार निवारणाकडे एक. पोचपावत्या आहेत. एका ठिकाणी तिथल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे, पण मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही." दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, पाणी ओसरल्यावर फेरमोजणी लावू. पावसाळ्यात तलाव भरला आणि खांब पाण्याखाली गेला. पुढच्या उन्हाळ्यात वर आला. तोवर मोजणीच्या साहेबांची बदली झाली होती. नवीन साहेब म्हणाले, जुन्या कामात मी हात घालत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर आला, जरा ठेंगणा होऊन.

मुकादम माझ्याशी बोलतो. कामापुरतं बोलतो. हजेरी घेताना स्वतःचं नाव आलं की "हजर शे, लिखी ले, येगळं लिखजो" म्हणतो, बाकीचे हसतात. मीही हसते.

मुलगा आणि सून आता जळगावला मेहरूणकडे राहतात. ती डाळमिलमध्ये जाते. तो दारात खुर्ची टाकून बसतो आणि कुबडी भिंतीला लावून मोबाइलचे रिचार्ज करून देतो. मी कामाला गेले की त्यांच्याकडे डोकावते. चहा होतो. तलावाचा विषय कोणी काढत नाही. सासू गावातच आहे. ती मात्र दर उन्हाळ्यात एकदा माझ्या दारात येते, बसत नाही, उंबऱ्यातून मोजणीच्या साहेबांचं विचारते, "सायेब उना का?"

या वर्षी त्या तलावाचा गाळ पुन्हा काढायचा आहे, यंत्रानं. मागच्या आठवड्यात जेसीबीवाला मला विचारायला आला, कोपऱ्यात मातीचं काहीतरी उभं आहे, ते उडवू का. मी जाऊन पाहिलं. खांब आता गुडघ्याएवढा राहिला आहे. डोक्यावरची पापडी कधीच गेली, कडा गोल झाल्या, तळाशी नवा गाळ चढला. आज कोणी टेप लावली तर जे माप निघेल ते खोटं असेल. खरं माप माझ्या निळ्या वहीत आहे आणि ते कोणाच्याच सहीचं नाही. हे मला नीट समजतं. तरी मी त्याला सांगितलं, बाजूनं काढ, याला हात लावू नको. त्यानं खांदे उडवले.

त्या संध्याकाळी मी या वर्षीच्या कामांची यादी केली. रोपवाटिकेची हजेरी, दोन विहिरींचे प्रस्ताव, नवीन जॉब कार्डांचे फोटो. ती सगळी गेल्या चार दिवसांत उरकली. ईशान्य कोपरा, सासू एक, सून एक, ही ओळ या वेळी मी सगळ्यात वर लिहिली आहे. उद्या आताचे साहेब दुसऱ्या कामाच्या मोजणीला गावात येणार आहेत. टेप पिशवीत ठेवली आहे. त्यांना आधी तिकडे न्यायचं आहे, टोळी क्रमांक एकचीही मोजणी सुरू व्हायच्या आत.