पास्कूची काळी पाच

दुपारचं जेवण झालं की मी ओटीवरच्या आरामखुर्चीत पडतो. डोक्यावरचा पंखा जुना आहे. प्रत्येक फेरीला एकदा टक करतो, पण तुम्हाला वाटेल त्या ठिकाणी नाही. मनात एक म्हणावं, दोन म्हणावं, आणि टक पडतं ते नेमकं त्या दोघांच्या मध्ये. मुलांना स्का, म्हणजे जमैका बेटावरचं नाचाचं संगीत, शिकवताना मी हेच चालून दाखवतो. पाऊल जमिनीवर पडतं तिथे टाळी द्यायची नाही. पाऊल उचललेलं असतं तिथे द्यायची. गिटार तिथेच वाजते, त्या अधांतरी जागेत. ज्याला ती जागा सापडली त्याला स्का सापडलं. बाकीचं सरावाने येतं.

आज शनिवार. पाच वाजता तालीम आहे आणि तालमीला कोणी येईल की नाही, मला ठाऊक नाही. पास्कूला जाऊन वर्ष झालं, उद्या सकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, प्रार्थना आहे. पास्कू तुस्कानो, बोटीवरचा फिटर, माझा मित्र, आणि चाळीस वर्षं माझ्याशी एकाच विषयावर, स्का सावकाश की वेगात, भांडलेला माणूस. जमैका बेटावरून त्याने पहिली रेकॉर्ड आणली तेव्हा आम्ही दोघंही विशीत होतो. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात माझ्या बँडची सात मुलं त्याच रेकॉर्डवरचं गाणं वाजवतील, असा शब्द मी त्याच्या बायकोला, कात्रीनबायला दिला आहे.

आणि काल सलोमीने ट्रम्पेट पेटीत ठेवली. तेरा वर्षांची मुलगी, माझ्या बँडमधली सगळ्यात चांगली.

"सर, हे फार हळू आहे," ती म्हणाली. "आणि बोटं अडकतात. अर्धा सूर वर घेतलं तर एकही बोट अडत नाही. मी घरी करून बघितलं."

"मूळ जसं आहे तसंच वाजवायचं."

"मोबाइलवर ऐकलं मी स्का. हे गाणं नाही सापडलं, पण दुसरी आहेत. ते लोक कसले धावतात!"

"ते नंतरचे. नक्कल करणारे."

"मग मूळवालं तुम्हीच वाजवा," असं म्हणून ती गेली. तिच्यामागून आणखी तिघं गेली. तिघांवर हे गाणं उभं राहत नाही.

टक. एक. टक. दोन.

पास्कू पायरीवर बसून केळं सोलतो आहे. मेलेला माणूस पायरीवर बसला आहे याचं मला काही वाटत नाही. त्याचा सदरा कोरडा आहे, डोक्यावरची काळ्यापांढऱ्या चौकड्यांची टोपी मात्र ओली आहे.

"मास्तर, पोरं पळाली म्हणे तुझी."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिकडे सगळं कळतं. फक्त उत्तर देता येत नाही, तेवढा त्रास आहे." तो अर्धं केळं माझ्यापुढे धरतो. "काय म्हणत होती ती?"

"धावायचं म्हणते. तुझ्या त्या इंग्लंडवाल्यांसारखं."

"हां," पास्कू म्हणतो आणि समाधानाने केळं खातो. "मला आवडते ती पोरगी."

वाडीतला पंप सुरू होतो. दुक, दुक, दुक. आम्ही दोघं केळीच्या रांगांमधून चाललो आहोत आणि पंपाच्या दोन ठोक्यांच्या मधोमध आमची पावलं पडताहेत. मी मुद्दाम पाऊल बदलून बघतो. जमत नाही. पुढच्या केळीआड फळा आहे. माझा सातवीचा वर्ग. खिडकीच्या गजांपर्यंत समुद्र आला आहे आणि आत यायची परवानगी मागितल्यासारखा तिथेच थांबला आहे.

बाकांवर मी शिकवलेली सगळी मुलं आहेत. त्यांना मिशा आहेत, चष्मे आहेत, कुणाच्या मांडीवर नातवंड आहे. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. शेवटच्या बाकावर पास्कू हात वर करतो.

"सर, एक शंका आहे."

"विचार."

"स्का मूळचं कुणाचं?"

हे मला शिकवायला आवडतं. मी खडू उचलतो. "त्या बेटावर नुकतंच स्वातंत्र्य आलं होतं. रात्री समुद्रापलीकडून अमेरिकेचा रेडिओ लागायचा, तो तिथली माणसं ऐकायची. पितळी वाद्यं वाजवणारी पोरं शाळेच्या बँडमध्ये तयार झालेली, आपल्यासारखीच. त्यांनी ते गाणं घेतलं आणि जोर उचलून उलट्या जागेवर ठेवला. ऐटीत. सावकाश. कुणाला गाडी पकडायची नव्हती."

वर्ग हसतो. पास्कू हसत नाही.

"आणि पंधरा-वीस वर्षांनी इंग्लंडमध्ये पोरांनी ते पुन्हा काढलं, तेव्हा?"

"तेव्हा त्यांनी त्याला पळवलं. आरडाओरडा केला. आपलं नव्हतं, म्हणून जपलं नाही."

"सर, तुम्ही तिथे होता?"

"नव्हतो."

"मी होतो," पास्कू म्हणतो.

पायाखालची फरशी काळीपांढरी आहे. मोठा हॉल, छताला ओल, तोंडातून वाफ निघते आहे. पास्कूची बोट लिव्हरपूलच्या गोदीत लागली आहे आणि तो मला दंडाला धरून पुढे ढकलतो आहे. समोर मंचावर काळी पोरं आणि गोरी पोरं एकत्र उभी आहेत, सगळ्यांचे कोट आखूड, आणि वाजवताना ती जागच्या जागी धावताहेत. आमच्या भोवतीचे लोकही धावताहेत. मंचाच्या एका कोपऱ्यात आमच्या गावचा एसटी कंडक्टर उभा आहे आणि चुकीच्या वेळी घंटी ओढतो आहे. चुकीच्या म्हणजे बरोबर वेळी.

"बघ," पास्कू माझ्या कानात ओरडतो. "कारखाने बंद पडलेत. यातल्या निम्म्या पोरांना काम नाही. बाहेर रस्त्यावर काळ्याला गोरा मारतो. आणि इथे बघ, एका माइकवर दोघं. याला नक्कल म्हणतोस?"

"वेग बघ ना त्यांचा!"

"अरे, थंडी किती आहे! तुझ्या चालीने वाजवलं तर नाचणारे गोठून मरतील."

मला हसू येतं. चाळीस वर्षांत हा मुद्दा त्याने कधी काढला नव्हता. मी हसतो आहे हे बघून तो टोपी काढतो आणि पिळतो. पाणी खाली पडतं ते माझ्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर.

माझी खोली, पण भिंतींना जुना निळा रंग. टेबलावर माझा रेकॉर्ड प्लेअर. त्या काळी गावात एवढाच होता. पास्कूने रेकॉर्ड आणली, प्लेअर माझा, आणि आम्ही पाचजण त्याच्याभोवती गुडघे टेकून बसायचो. सुई उचलायची, दोन ओळी ऐकायच्या, वाजवायच्या, पुन्हा सुई ठेवायची. सगळं गाणं आम्ही असं कानाने उतरवलं. पुढे दरवर्षी मुलांना तेच शिकवलं, त्याच चालीत, त्याच पट्टीत.

"पट्टी कुठली?" पास्कू विचारतो.

"पांढरी सहा."

"ट्रम्पेटची स्वतःची पट्टी कुठली?"

हे मी पहिल्या दिवशी मुलांना हार्मोनियमवर बोट ठेवून दाखवतो. कळ न दाबता ट्रम्पेट फुंकली की काळी पाच. तिचं घर ते. तिथे बोटं सहज पडतात.

"सांग ना, मास्तर. ती बेटावरची माणसं पितळेत वाढलेली. ती घर सोडून अर्धा सूर खाली कशाला उतरतील? बोटं अडकवून घ्यायला?"

"रेकॉर्डवर पांढरी सहाच आहे. माझ्या कानांनी ऐकली आहे मी. हजारदा."

"रेकॉर्डवर नाही," पास्कू सावकाश म्हणतो. "तुझ्या मशीनवर."

तो फिरती थाळी उचलतो. खाली मोटारीची बारीक दांडी आणि तिच्यावरून थाळीला फिरवणारा रबरी पट्टा. तो पट्ट्याखाली करंगळी घालतो. पट्टा सैल आहे. खाऱ्या हवेने फुगला आहे, ओठासारखा लोंबतो आहे.

"मशीन हळू फिरत होतं, मिंगेल. पहिल्या दिवसापासून. हळू फिरलं की चालही उतरते आणि सूरही उतरतो. मी जपानहून माझा प्लेअर आणला, तेव्हा त्यावर हीच रेकॉर्ड लावली. काळी पाच."

तो मला नावाने हाक मारतो तेव्हा थट्टा नसते. समुद्र पुन्हा खिडकीशी आला आहे.

"खोटं बोलतोस."

"एकदा दुरुस्त केलं होतं मी. तू पेपर तपासायला पुण्याला गेला होतास. दांडीला चिकटपट्टीचा एक वेढा दिला, बोटीवर देतो तसा. दांडी जरा जाड झाली की थाळी जरा जोरात फिरते. तू परत आलास, सुई ठेवलीस आणि म्हणालास..."

"मशीन घाई करतंय," मी म्हणतो.

मला आठवतं. हे स्वप्नातलं नाही, हे खरंच झालं होतं. मी थाळी काढली होती. दांडीला पांढऱ्या कापडाचं काहीतरी चिकटलं होतं. कचरा समजून मी ते अंगठ्याच्या नखाने खरवडून काढलं आणि खिडकीबाहेर टाकलं. मग रेकॉर्ड पुन्हा लावली आणि सगळ्यांना म्हणालो, आता बघा, आता मूळ आलं.

"मी तेव्हा इथेच बसलो होतो," पास्कू म्हणतो. "ह्या स्टुलावर."

"मग बोलला का नाहीस? चाळीस वर्षं, पास्कू!"

"बोललो असतो तर वाद संपला असता. मग दर रविवारी कुठे गेलो असतो मी? सहा-सहा महिने बोटीवर काढायचो. घरी आलो की कात्रीनला गळकं छप्पर दाखवायचं असायचं, पोरांना शाळा. तुझ्या ओटीवर तेवढं एक भांडण माझं होतं." तो टोपी पुन्हा डोक्यावर ठेवतो. "मला त्यात मजा होती. पण त्या पोरीने काय घोडं मारलंय? तिला तुझ्या सैल पट्ट्याला कशाला बांधतोस?"

मी थाळी जागेवर ठेवतो. कुठूनतरी टक ऐकू येतं.

"म्हणजे तूच बरोबर होतास," मी म्हणतो. "तेच म्हणवून घ्यायला आलास."

"छे. तूही बरोबरच. मूळ चालीत ऐट आहेच. धाव नाहीये. फक्त तू म्हणतोस तेवढी ती म्हातारी नाहीये." तो खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढतो, दाताने एक तुकडा तोडतो. "एक वेढा दिला की जमैका. दोन दिले की लिव्हरपूल."

"आणि तीन?"

"तीन दिले की सलोमी." तो खो खो हसतो. मग माझा उजवा हात हातात घेतो. त्याचा हात गार आहे, केळीच्या पानाला पहाटे हात लावावा तसा. अंगठ्याभोवती तो पट्टी नीट गुंडाळतो, टोक दाबून बसवतो.

"हे कशाला?"

"विसरशील म्हणून. ह्याच अंगठ्याने काढली होतीस."

"पास्कू, उद्या येशील? आवारात?"

"आधी वाजवणारे जमव," तो म्हणतो. तो पायरी उतरतो आहे, पायऱ्या पाण्यात गेल्या आहेत, आणि त्याचं प्रत्येक पाऊल पंख्याच्या दोन टकांच्या मध्ये पडतं आहे.

टक.

मी डोळे उघडतो. ओटी, पंखा, पिवळं ऊन. चार वाजून दहा मिनिटं. तोंडाला केळ्याची चव नाही. पायरी कोरडी आहे.

उजव्या अंगठ्याभोवती पांढरी कापडी चिकटपट्टी आहे.

मी अंगठा उजेडात धरून बघतो. टोक नीट दाबून बसवलेलं आहे. डाव्या हाताने मला ते तसं जमत नाही. घरात असलं रीळ आहे का, मला आठवत नाही, आणि शोधायलाही मी जात नाही. वेळ कमी आहे.

आतल्या खोलीत प्लेअरवरचं कापड बाजूला करतो. थाळी उचलतो. पट्ट्याखाली करंगळी जाते, सहज जाते. अंगठ्यावरची पट्टी उलगडतो, दांडीला एक वेढा देतो, बाकीची कापतो. थाळी बसवतो, पास्कूची रेकॉर्ड ठेवतो, सुई टेकवतो आणि माझी ट्रम्पेट कुठलीही कळ न दाबता फुंकतो.

रेकॉर्ड आणि ट्रम्पेट एकाच सुरात उभी राहतात. साठ वर्षांत पहिल्यांदा. आणि ती चाल! ती धावत नाही. नवे बूट घालून चर्चला निघालेल्या माणसासारखी चालते.

मी सगळं गाणं ऐकत थांबत नाही. ते नंतर ऐकता येईल. ट्रम्पेट पेटीत ठेवतो, चपला घालतो. सलोमीचं घर विहिरीच्या पलीकडे आहे, माझ्या पायांनी दहा मिनिटं. तिला काय सांगायचं ते ठरलं आहे. तुझी बोटं बरोबर होती, माझं मशीन चुकत होतं. आणि उद्या सुरुवातीची एक-दोन-तीन-चार मी मोजणार नाही, तू मोजायचीस. बाकीच्या तिघांकडे आपण दोघं मिळून जाऊ.

पट्टीचा उरलेला तुकडा मी खिशात घेतला आहे. दुसरा वेढा द्यायचा की नाही, ते तिने ठरवावं.