मेंढरांसाठी समुद्राचं पाणी

आबांना मी समुद्र दाखवायला नेलं, असं गावात सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांची मेंढरं विकायची होती, आणि ते घरी असताना ते होणार नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले. वर्षभरात मेंढरांमागं दोनदा बांधावरून पडले होते. भाऊ श्रीपूरला कारखान्यात कामाला, माझं नातेपुत्यात शिलाईचं दुकान. राखायला तिसरं कुणी नाही. समजावून झालं, भांडून झालं. शेवटी भाऊ म्हणाला, तू त्यांना दोन दिवस कुठंतरी ने, मी इकडं उरकतो. मलाही ते सोयीचं वाटलं. गाडी मी स्वतः चालवते. कोकणात गेलो, रात्री मुक्काम केला आणि सकाळी किनाऱ्यावर उतरलो.

तो भाग राखीव होता. वाळूच्या टेकड्या, मागं सुरूचं बन, कासवांच्या अंड्यांभोवती जाळी. माणसं तुरळक. आबांनी पायताण हातात घेतलं आणि वाळूवर पसरलेल्या एका वेलीपाशी थांबले. तिचं पान शेळीच्या खुरासारखं दुभंगलेलं. पान चुरगळून हुंगलं, जिभेवर ठेवलं, थुंकले. शेरडं खातील, मेंढरं नाही खायची, असा निकाल दिला.

मग लाटेत बोट बुडवून चाटलं. "आगं, हे तर समदं मीठच की."

मेंढरांना अधूनमधून मीठ द्यावं लागतं, आबा ते विकत आणतात. इथं एवढं फुकट पडलेलं बघून त्यांना राहवेना. मला गाडीतून दोन रिकाम्या बाटल्या आणायला लावल्या आणि गुडघाभर पाण्यात वाकून स्वतः भरल्या. गळू नयेत म्हणून मी झाकणं घट्ट लावली. विक्रीचं त्यांना परतताना घाट चढून आल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं.

सुरूच्या सावलीत आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. आबा मुंडासं उशाला घेऊन झोपले. वारा छान होता. इतका निवांत दिवस मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, हे खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात भावाचा फोन आला. सकाळपासून मेंढरं टेम्पोत चढत नव्हती. पुढं चालणारा मेंढा फळीवर पाय ठेवेना, म्हणून बाकीची हटून बसलेली. दोन मेंढरं ओढली, त्यातल्या एकाचा पाय सोलला होता. आबा जशी हाक मारतात, तशी तू मार, असं तो म्हणाला. मी लांब जाऊन प्रयत्न केला. लहानपणापासून ऐकलेली हाक, पण घशातून येईना.

मागं वळले तर आबा उभे.

"आबा, मेंढरं विकलीत. आज टेम्पोत घालायचीत. चढत नाहीत."

 मी शिव्या खायच्या तयारीत होते.

"मारत्यात का त्यांला?"

मी हो म्हणाले.

त्यांनी फोनसाठी हात पुढं केला. फोन मेंढ्याच्या कानाजवळ धरायला भावाला सांगितलं आणि हाक दिली. लांबलचक, शेवटी खाली उतरत जाणारी. तीनदा. वाळूतून चाललेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. पलीकडून आधी एका मेंढ्याच्या खुरांचा लाकडावर आवाज आला, मग पुष्कळ खुरांचा. चढली, सगळी चढली, असं भाऊ म्हणाला.

आबांनी फोन परत दिला.

"ह्या हाकंवर आजपातुर त्यांला पाणीच दावलं हुतं," ते म्हणाले. "आज पयल्यांदा फसवलं."

गाडीशी आल्यावर त्यांनी बाटल्या मागून घेतल्या, वाळूत ओतल्या आणि रिकाम्या माझ्याकडं दिल्या.   

भावानं दुधाला एक शेळी ठेवली आहे. संध्याकाळी ती ओढ्यापलीकडं चरत जाते. आबा काठी टेकत, थांबत थांबत तिथवर चालत जातात आणि तिला दाव्याला धरून आणतात. हाक मारत नाहीत.